सतरा घरांची वही

“सिस्टर, गावाला गेला होतात का?”

सात रविवारांनंतर काठी टेकत चर्चच्या फाटकातून आत आले, तेव्हा अकरा वर्षे माझ्याच बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला. मी गावाला गेले नव्हते. माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या काळात पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, दोनदा आणि समोरच्या फ्लॅटमधले कुटुंब रोज, एवढीच माणसे माझ्याकडे येऊन गेली होती. समोरचे कुटुंब ख्रिस्ती नाही. बाईंनी आपुलकीनेच विचारले होते, त्यामुळे राग आला नाही. पण नर्स म्हणून चौतीस वर्षे वॉर्डात काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरलेली असते. जिथे एक खाट सात आठवडे रिकामी राहते आणि ती का रिकामी आहे हे कुणालाच ठाऊक नसते, तिथे चूक खाटेवरच्या माणसाची नसते.

ही २०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याच वर्षी मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर निवडून आले आणि पहिल्याच बैठकीत संगती गटांचा, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमणाऱ्या छोट्या गटांचा, विषय मांडला. विषय नवा नव्हता. यापूर्वी दोन वेळा असे गट सुरू झाले होते आणि दोन्ही वेळा नाताळापर्यंत टिकून बंद पडले होते. म्हणून कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी, “सिस्टर, कॅरोल पार्टीसाठी गट पाडायचे असतील तर आत्ताच सांगा,” असे म्हटले तेव्हा सगळे हसले. हसण्यात तथ्य होते.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रल येथे, सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि हे चर्च अस्तित्वात आले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. दर वर्षी त्या दिवसाच्या सुमारास आम्ही ऐक्याची गीते म्हणतो आणि मग प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या बाकावर जाऊन बसतो. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले; पण त्यांच्या मिशनचे नाव सांगून “आम्ही मूळचे स्कॉच मिशनवाले” असे अभिमानाने म्हणणारी घरे आजही आहेत, आणि “आमच्याकडे अशी उभ्याने प्रार्थना नव्हती” असे पुटपुटणारी अँग्लिकन घरेही आहेत. कागदावरचे ऐक्य एका दिवसात झाले होते. बाकाबाकांतले अंतर मात्र कुणाच्या ठरावाने मिटणारे नव्हते.

दुसरे अंतर रस्त्याचे होते. माझ्या लहानपणी मंडळीतील बहुतेक कुटुंबे सदर, मोहननगर, गड्डीगोदाम, मेकोसाबाग अशा पायी येण्याजोग्या भागांत राहत असत. कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आले आहेत, हे रविवारची वाट न पाहता कळत असे. आता मुले गोधनी, झिंगाबाई टाकळी, कोराडी रोड, वाडी, हिंगणा, बेसा, मनीषनगर अशी शहराच्या चहूकडे गेली आहेत. जुन्या घरांत उरलेल्या म्हाताऱ्यांना चर्च जवळ आहे, पण चालवत नाही. नव्या घरांतल्या तरुणांना चालवते, पण चर्च लांब आहे.

म्हणून आधी यादी हातात घेतली. सभासद रजिस्टरमध्ये २१२ कुटुंबे होती. एका तरुणाने संगणकावर शहराचा नकाशा घेतला आणि आम्ही दोघांनी पावसाळ्याचे तीन महिने एकेक पत्ता तपासत घालवले. त्रेचाळीस पत्ते चुकीचे निघाले. नऊ कुटुंबे नागपूर सोडून गेली होती. दोन नावे अशी होती की ती सभासद रजिस्टरमध्येही होती आणि दफनाच्या रजिस्टरमध्येही. या कामात आम्हाला खरी मदत झाली ती एका सत्तरी ओलांडलेल्या काकांची. ते पूर्वी सायकलवरून घरोघर जाऊन मासिक वर्गणी गोळा करीत. पावतीपुस्तक घेऊन ते अंगणात उभे राहिले की पाणी विचारले जाई, मग चहा, मग घरातले रडगाणे. परत येताना ते पाळकसाहेबांच्या कानावर चार गोष्टी घालीत. पुढे चर्चच्या दाराशी क्यूआर कोडचा फलक लागला, वर्गणी थेट खात्यात जमा होऊ लागली, आणि काकांची सायकल थांबली. वर्गणी वाढली, हे मान्य केले पाहिजे. पण त्या पावतीपुस्तकाबरोबर काय बंद पडले, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

पुढे गटप्रमुखांच्या प्रशिक्षणात पाळकसाहेबांनी मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या काळातील एक प्रसंग सांगितला, तेव्हा मला काकांचीच आठवण झाली. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि सुमारे बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. गोळा करणारे घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोण कसे जगतो आहे हे त्यांना प्रथमच दिसले, आणि पैसे गोळा करण्याच्या त्या सोयीतून मेथडिस्टांच्या प्रसिद्ध ‘क्लास’ सभा उभ्या राहिल्या. आमचे काका मागच्या बाकावरून म्हणाले, “मग मी काय वेगळे करत होतो?” त्यांना आम्ही लगेच गटप्रमुख केले.

गट सात झाले. प्रत्येक गटाला एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन प्रमुख नेमले. नातेवाइकांचे गट करावेत, म्हणजे लोक नक्की येतील, असा आग्रह काहींनी धरला होता. तो आम्ही मानला नाही, कारण तसे केले असते तर ज्यांचे मंडळीत कुणीच नातेवाईक नाहीत ती कुटुंबे पुन्हा उरलीच असती. प्रशिक्षण चार शनिवार चालले. पाळकसाहेबांनी ‘कोइनोनिया’ हा मूळ ग्रीक शब्द समजावला: आपण त्याला सहवास किंवा संगती म्हणतो, पण त्यात भागीदारीचा अर्थ आहे, आणि यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी जी वर्गणी काढली, तिच्यासाठीही प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस पत्रात हाच शब्द वापरला आहे. बाकीच्या गोष्टी व्यवहाराच्या होत्या. सभा सव्वा तासात संपवावी, प्रमुखाने संदेश देऊ नये, प्रश्न विचारावा आणि शांतता पसरली तरी घाबरू नये, मोबाईलवरच्या गटात सुप्रभातची फुले पाठवू नयेत. यातील शेवटचा नियम आजतागायत कुणी पाळलेला नाही.

माझ्या गटात सतरा घरे होती. पहिली सभा नोव्हेंबरात बैरामजी टाऊनमधील एका कंत्राटदारांच्या दिवाणखान्यात झाली. बावीस माणसे आली. बायबलमधील वचन वाचले, गीते झाली, प्रार्थना झाली आणि मग जेवणाच्या टेबलावर समोसे, सांबारवडी, केक आणि संत्र्याची बर्फी मांडली गेली. सगळे खूश होऊन गेले. दुसऱ्या यजमानांनी त्याला तोडीस तोड म्हणून पाटोडी आणि गुलाबजाम केले. तिसरी सभा गड्डीगोदाममध्ये डबे करून देणाऱ्या एका विधवा ताईंकडे होती. सोमवारी त्यांचा निरोप आला की नळाला पाणी येत नाही. पुढच्या आठवड्यात घरात रंगकाम निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी फोनच उचलला नाही. तोवर उपस्थिती बावीसवरून नऊवर आली होती, आणि मी अजूनही लोकांच्या निरुत्साहाला दोष देत होते.

मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. नळाला पाणी होते आणि भिंतींना जुनाच निळा रंग होता. खोली दहा बाय बारा फुटांची. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा आणि त्यावर उपडे घातलेले चौतीस स्टीलचे डबे. त्यांनी मला चहा दिला आणि खाली बघत म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही लोक त्या दिवशी जे खाल्लं, तेवढ्यात माझ्या आठवड्याचा किराणा येतो.” मी काहीच बोलू शकले नाही. कुणाकडे सभा घ्यायची याचे वेळापत्रक मीच तयार केले होते, आणि सतरा घरे क्रमाने लिहिताना त्यांतली किती घरे असे टेबल मांडू शकतात, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

पौलाच्या काळी ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीत हेच झाले होते. प्रभुभोजनाला एकत्र जमायचे, पण ज्याच्याकडे आहे तो आधी खाऊन घेतो आणि दुसरा उपाशी राहतो, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौलाने त्यांना सुनावले आहे. हा उतारा मी प्रभुभोजनाच्या वेळी अनेकदा ऐकला होता आणि तो समोशांना लागू पडेल असे मला कधी वाटले नव्हते. पुढच्या सभेत तोच वाचला आणि ठरवले की यापुढे यजमान फक्त जागा आणि पाणी देतील. चहाचा थर्मास आणि बिस्किटे गटप्रमुख घेऊन येतील. कंत्राटदारांच्या पत्नींना हे आवडले नाही. पाहुणचार हादेखील ख्रिस्ती गुण आहे, असे त्या म्हणाल्या, आणि त्यात चूक नव्हती. त्या दोन महिने रुसून होत्या. आता थर्मास त्यांचाच असतो.

जानेवारीत सभा शेवटी डबेवाल्या ताईंकडे झाली. काकांनी आणि ताईंच्या मुलाने पलंग उचलून बाहेर भिंतीला उभा केला. पाळकसाहेबांनी आम्हाला सीरियातील दुरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकातील घराविषयी सांगितले होते: तिथल्या ख्रिस्ती लोकांनी मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली होती, जेणेकरून मंडळीला एकत्र बसता यावे. आमच्याकडे पाडायला दुसरी खोली नव्हती, पलंग तेवढा होता. आत अकरा बायका आणि मुले, उंबऱ्याबाहेर गल्लीत सतरंजीवर पुरुष, अशी ती सभा झाली. ताईंनी वरच्या मजल्यावरील घरमालकांना आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवले होते की उद्या आमच्याकडे प्रार्थना आहे, तासाभरात आटपेल. हल्लीच्या दिवसांत हे सांगणे शहाणपणाचे असते, विशेषतः भाड्याच्या घरात. बंद दारामागे कोण जमले आहे याविषयी कुजबुज होण्यापेक्षा दार उघडे ठेवून हळू आवाजात गाणे बरे. त्या रात्री मध्येच वीज गेली. तेव्हा घरमालकांच्या सूनबाई इमर्जन्सी लाइट घेऊन खाली आल्या आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल की गट मार्गी लागला. त्याच सुमारास आमच्या हातून सर्वांत मोठी चूक घडली. एका सभेत प्रार्थनेचे विषय सांगताना एका बहिणीने, अगदी कळवळून, आपल्या गटातील एका कुटुंबाच्या मुलाचा संसार मोडण्याच्या मार्गावर असल्याचे सांगितले. ते कुटुंब त्या दिवशी हजर नव्हते आणि त्यांनी कुणाला सांगायला सांगितलेही नव्हते. आम्ही सर्वांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. रविवारपर्यंत ती गोष्ट सातही गटांत पोहोचली होती, काही ठिकाणी वकिलाच्या फीसकट. मुलाच्या वडिलांनी मला फोन केला. ते ओरडले असते तर बरे झाले असते, ते फक्त म्हणाले, “सिस्टर, हॉस्पिटलात तुम्ही पेशंटची फाइल अशी वाचून दाखवत होता का?”

ते कुटुंब पाच महिने चर्चला आले नाही. मी आणि ती बहीण दोघी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो; पहिल्यांदा दार उघडले गेले नाही, दुसऱ्यांदा आईने उघडले. त्यानंतर नियम झाला की प्रत्येकाने फक्त स्वतःविषयी सांगावे, आणि दुसऱ्याविषयी सांगायचे असेल तर त्याला आधी विचारावे. नियम सोपा आहे, पण प्रार्थनेच्या भाषेत चहाडी किती सहज बसते हे ज्याने पाहिले नाही, त्याला त्याची गरज कळणार नाही.

मात्र त्या वडिलांच्या प्रश्नातूनच मला पुढचा रस्ता सुचला. रुग्णालयात फाइल आम्ही खरोखरच रोज वाचत असू. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते: दोघी खाटेखाटेपाशी जातात आणि प्रत्येक रुग्णाविषयी जेवढे पुढच्या पाळीला लागेल तेवढेच बोलले जाते. चार नंबर, रात्री ताप नव्हता, सकाळी सलाइन बदलायचे. त्यात हळहळ नसते आणि मीठमसालाही नसतो. एकही खाट सुटत नाही, अगदी ज्याला काहीच झालेले नाही त्याचीही. मला वाटले, आमच्या गटाला नेमके हेच हवे आहे.

मी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक घरासाठी पाने राखून ठेवली. सभेच्या शेवटी, आशीर्वादाआधी, मी सतराही घरांची नावे क्रमाने वाचू लागले. प्रत्येक नावाला फक्त तीन प्रश्न: या आठवड्यात यांना कुणी भेटले का, आम्ही काही करावे असे त्यांनी सांगितले आहे का, आणि पुढच्या आठवड्यात कोण जाणार किंवा फोन करणार. पहिल्या दिवशी सतरापैकी अकरा नावांना उत्तर आले नाही. नाव वाचले जायचे आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. त्या शांततेने जे काम केले, ते माझ्या कुठल्याही आवाहनाने झाले नसते. पुढच्या गुरुवारी सातच नावे निरुत्तर राहिली.

काही उदाहरणे सांगते. आमच्या गटात दोन तरुण नर्स आहेत, ज्यांना ड्यूटीमुळे गुरुवारी क्वचितच येता येते. पूर्वी त्या ‘न येणाऱ्या’ होत्या, आता वहीत त्यांचे पान आहे आणि काकांची बायको त्यांच्या नाइटच्या दिवशी त्यांच्या मुलांना जेवायला बोलावते. रेल्वेतील तीन तेलुगू कुटुंबे आहेत. मराठीतील चर्चा त्यांना कळत नसे आणि ती शेवटच्या ओळीत बसून लवकर निघून जात. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळले जाते अशी कुरकुर झाली आणि त्यासाठी सात जण निवडावे लागले, ही बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील हकिकत आम्ही वाचली, तेव्हा त्यांच्यातील एक जण हिंदीत म्हणाले, “यही तो है.” तेव्हापासून वचन मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तीन भाषांत वाचले जाते आणि चर्चा आपल्या नागपुरी खिचडी भाषेत होते. वेळ जास्त लागतो. मला व्यक्तिशः ते थोडे कंटाळवाणेही वाटते, पण तिघेही आता शेवटपर्यंत थांबतात.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सभा रात्री साडेआठला कुणाच्या तरी गच्चीवर होते. संध्याकाळी दोन बादल्या पाणी शिंपडून ठेवावे लागते, तरी फरशीची धग सतरंजीतून वर येतेच. अशाच एका रात्री आम्ही नावे वाचत असताना एका घरातून फोन आला की आजोबा गेले. वही तशीच मिटली. कोण पाळकसाहेबांना कळवणार, कोण बर्फाच्या पेटीची व्यवस्था करणार, घरच्यांचे दोन दिवसांचे जेवण कुठून येणार, हे जिना उतरताउतरता ठरले. पूर्वी यासाठी माझ्यासारखीला रात्रभर फोन करावे लागत. जेवणाचे काम डबेवाल्या ताईंनी घेतले आणि पैसे घेण्यास नकार दिला. त्यावर काकांनी त्यांना ठणकावले की हा तुमचा धंदा आहे, गट पैसे देईल, आणि दिले. मला ते पटले.

सातपैकी दोन गट चालले नाहीत, हेही लिहिले पाहिजे. हिंगण्याकडच्या गटात बहुतेक जण कारखान्यात पाळ्यांवर काम करणारे. कुठलाच वार सगळ्यांना सोयीचा नव्हता आणि वर्षभराच्या खटपटीनंतर आम्ही तो वाडीच्या गटात मिसळला. मनीषनगरच्या तरुण जोडप्यांचा गट मोबाईलवर फार जोरात होता, प्रत्यक्षात चारदाच भेटला. त्यांच्यासाठी काय करावे हे मला अजून उमगलेले नाही, आणि कदाचित ते माझ्या वयाच्या माणसाचे कामही नसेल.

गेल्या वर्षी आमच्या गटाची घरे सतरावरून सव्वीस झाली आणि तो दोन ठिकाणी विभागावा लागला. लोक रुसले, एक-दोघी रडल्या. “आत्ता कुठे ओळख झाली होती,” असे कंत्राटदारांच्या पत्नीच म्हणाल्या. नव्या गटाची वही आता डबेवाल्या ताईंकडे आहे. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि नाव वाचून उत्तर आले नाही की त्या माझ्यासारख्या पुढे सरकत नाहीत, वही मांडीवर ठेवून थांबतात.

माझ्या वहीत अजून तीन पाने अशी आहेत, ज्यांवर पत्त्याखेरीज काही लिहिलेले नाही. त्यांतील एक घर गोधनीचे. फोन लागतो, उचलला जात नाही. शनिवारी सकाळी ऊन चढण्याआधी काका आणि मी ऑटोने तिकडे जाणार आहोत. काका म्हणतात, जुने पावतीपुस्तक बरोबर घेऊ, दारात उभे राहायला काहीतरी निमित्त हवे.